माळ्यावरचा संगणक

बडा गणपती, मल्हारगंज या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांच्या माळ्यांवर दोन गोष्टी सापडू शकतात. एक म्हणजे कापडी रुमालात बांधलेले मोडी कागद, आणि दुसरी म्हणजे जुन्या चादरीखाली झाकलेला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक. पहिल्याला आपण इतिहास म्हणतो, दुसऱ्याला भंगार. हा भेद कितपत योग्य आहे, ते पाहू.

संगणक जपण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली पूर्णपणे चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी गेली की ती काढून दुसरी बसवायची. ज्यांनी यंत्र बांधले तेच ते दुरुस्त करीत. पुढे नळ्या गेल्या, छापील तांब्याच्या रेघांचे सर्किट बोर्ड आले, आणि दुरुस्तीऐवजी ‘नवीन घ्या’ म्हणण्याची सवय लागली.

याच काळात मराठी संगणकावर आली. आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’मध्ये वाढले. संगणकाच्या खाचेत ‘जिस्ट’ कार्ड बसवले की इंग्रजीपुरत्या पडद्यावर देवनागरी उमटू लागे. अक्षरे साठवण्याची ‘इस्की’ ही पद्धत १९९१ साली भारतीय मानक झाली. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही १९८८च्या ‘इस्की’वरच बेतलेली आहे. म्हणून तेव्हाचे लिखाण आज वाचता येण्याजोगे करणे तुलनेने सोपे आहे. छपाईच्या फाँटांचे तसे नाही. प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे असल्याने मूळ फाँट नसेल तर आजोबांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

मग चकती काढून तिची नक्कल घेतली की झाले, बोर्ड कशाला दुरुस्त करायचा? नक्कल आधी घ्यावी, हे खरेच. पण फार जुन्या चकत्या त्यांच्या जोडीच्या नियंत्रक कार्डाशिवाय बोलत नाहीत. काही मराठी सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या कुलपाशिवाय उघडत नाही. अशा वेळी जुने यंत्र हीच किल्ली असते.

त्या यंत्राचा मोठा शत्रू त्याच्याच पोटात असतो. ३८६, ४८६ जातीच्या अनेक बोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी कायमची डाखलेली असे. वर्षांनुवर्षे पडून राहिली की ती पाझरते आणि तिच्यातला अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेघा खातो. म्हणून कुतूहलाने बटण दाबू नका. प्रथम जाणत्याकडून बॅटरी कापून काढावी. हिरवट डाग पांढऱ्या व्हिनेगरने हलके पुसावे, मग ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. मल्टिमीटरने एकेक रेघ तपासावी. तुटली असेल तिथे केसासारखी बारीक तार डाखून सांधा जोडावा. वीजपुरवठ्याच्या पेटीला मात्र घरी हात लावू नये. बंद असतानाही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज साठून राहिलेली असू शकते.

मोडीच्या बाबतीत आपण काय गमावले ते आठवा. कागद टिकला, शाई टिकली, पण घरात वाचणारा उरला नाही. संगणकाच्या बाबतीत वाचणारे यंत्रच कुजते आहे, आणि ते कागदापेक्षा फार लवकर कुजते. ज्यांनी त्यावर बोटे चालवली, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणत्या फायलीत काय आहे, हे तीच सांगू शकतील.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चादर उचला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: यात तुम्ही काय लिहिले होते?