परावर्तित प्रकाशाचे ऋण

१८४० मध्ये न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर वॉलकॉट व जॉन जॉन्सन यांनी आपल्या छायाचित्रशाळेच्या खिडकीबाहेर मोठे आरसे बसवून सूर्यप्रकाश आत वळविला. बसलेल्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो निळ्या माध्यमातून गाळून घेतला. आरशाचा प्रकाश प्रखर, शुभ्र कापडाचा सौम्य. म्हणून छायेच्या बाजूस पांढरा पडदा धरण्याची रीत रूढ झाली. उघड्यावरही नियम तोच: पडदा जवळ आणावा तशी छाया उजळते, ती पुरती पुसल्यास मात्र चेहऱ्याचा उठाव हरपतो.

१८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले लाला दीनदयाळ पुढे नामांकित छायाचित्रकार झाले, तेही सूर्यप्रकाशाच्याच युगात. आपल्या घरांतील तसबिरींत पागोट्याखालचे डोळे आजही ओळखू येतात, ते अशाच प्रकाशयोजनेमुळे. त्या पूर्वजांची नावे तसबिरींमागे लिहून ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.