रापणीचा वाटा

मालवणला आलेला पाहुणा सिंधुदुर्ग किल्ला बघतो, 1664 साली बांधकाम सुरू झालं हे गाइडकडून ऐकतो आणि इतिहास उरकला म्हणून जेवायला जातो. ताटातल्या बांगड्याचाही इतिहास असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. मी शाळेत चौथीला इतिहास शिकवत होते, तेव्हा मीही सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं ना!

माझं माहेर देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांनी धरून ठेवलेली वाळूची पट्टी. लहानपणी मालवणला जायचं तर वाळू तुडवत नाहीतर होडीतून. आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारी करणारा समाज. माझे बाबा रापणीत होते, त्यांचे वडीलही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. एका दोराचं टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी पाण्यात जायची, अर्धवर्तुळ घेत जाळं सोडायची आणि दुसरं टोक घेऊन दूरवर किनाऱ्याला लागायची. मग दोन्हीकडून ओढ. कधी सोडायचं ते तांडेल ठरवायचा. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून बांगड्याचा थवा कुठे आहे ते त्याला कळे. आमच्या तांडेलाला म्हातारपणी जवळचं दिसत नव्हतं, पण थवा मात्र दिसे.

नायलॉन येण्याआधी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाची साल उकळून त्या लाल पाण्यात बुडवत. पण रापणीची खरी करामत जाळ्याच्या मालकीत होती. अख्खं जाळं कोणा एकाचं नसे. प्रत्येक घराने आपापला तुकडा आणायचा आणि ते सगळे जोडून रापण उभी राहायची. मासळी विकली की जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. देवाचाही काढून ठेवत.

माझे आजोबा लवकर गेले, पण आजीचा तुकडा जाळ्यात राहिला. घरात ओढायला पुरुष नसतानाही जाळ्याचा वाटा तिला येत असे. फाटलं तर तिचा तुकडा तिनेच शिवून द्यायचा, एवढी अट. विधवेला वाटा देणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारने केलेली नव्हती. मात्र हिशेबाच्या बैठकीत आजी बसत नसे. तिच्या वतीनं दीर बसायचा. रापणीच्या समतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लिहावं.

जो येईल त्याला मात्र दोर मोकळा असायचा. "दोराक हात लाव गो, कालवणाक गावतला," असं म्हणून आजी आम्हा पोरींना पिटाळायची, आणि खरंच ओंजळभर पेडवे मिळायचे.

बर्फ नव्हता तेव्हा जास्तीची मासळी त्याच दिवशी मिठात घालावी लागे. उरलेली तारली माडांच्या आळ्यात खत म्हणून जाई. मीठ म्हणजे शिरोड्याची आगरं आठवतात. 1930 च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. पाठ्यपुस्तकात तो स्वातंत्र्याचा धडा आहे. किनाऱ्यावर मिठावरचा कर म्हणजे सुक्या बांगड्यावरचाच कर होता. तो बांगडा पाटीत घालून बायका डोक्यावरून आतल्या गावांत नेत आणि बदल्यात भात आणत. त्या भातावर पावसाळा निघायचा. जूनमध्ये होड्या वर ओढून चुडतांच्या मांगरात ठेवल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. मुंबईची आगबोटही बंद, त्यामुळे चाकरमानी मुलाची खबर लवकर येत नसे.

रापणीची ही व्यवस्था मोडायला लागली ती पर्ससीनमुळे. यंत्राच्या बोटी थव्याभोवती जाळं टाकून तळ आवळतात, म्हणजे थवा किनाऱ्याशी येण्याआधीच उचलला जातो. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकातच मोठं आंदोलन उभारलं. माथानी साल्ढाणा त्यातलं मोठं नाव. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा 1981 सालचा, आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेच वर्ष. पुढे 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कागदावर सगळं आमच्या बाजूचं आहे. रात्री समुद्रावर दिसणारा उजेड मात्र कागद वाचत नाही.

पर्यटनाला दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. ज्या पोरांना रापणीत दिवसाला चहापुरते पैसे मिळत नव्हते, ती आता पाहुण्यांना डॉल्फिन दाखवतात आणि घरावर स्लॅब घालतात. माझा भाचा त्यांतलाच. पण त्याला जाळ्याचा वाटा कसा काढतात ते येत नाही. जुन्या मंडळींपैकी सांगू शकणारे आता मोजकेच आहेत.

किल्ल्यांचे कागद सरकार जपतं. रापणीच्या हिशेबाच्या वह्या मात्र घरोघरच्या ट्रंकांत पडून आहेत आणि आमच्या दमट हवेत कागद फार टिकत नाही. मालवण, आचरा, वेंगुर्ले, निवती, कुठेही तुमच्या घरी अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका. आधी पानापानाचे फोटो काढा, मोडी असेल तर वाचून घ्या आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.