तीन हजार गिनींचा गाळा

दिवाळी जवळ आली की मॉलच्या मधल्या मोकळ्या जागेत तात्पुरते गाळे उभे राहतात. पणत्या, अत्तरे, सुकामेवा यांच्या शेजारी एखादा छायाचित्रकार आपली चित्रे चौकटीत बसवून मांडतो. भाडे आधी भरायचे, मग विक्री होईल तशी होईल. हा धंदा आजकालचा वाटतो. पण त्याची मुळे दीडशे वर्षांहून मागे जातात.

फोटो विकायचा तर आधी त्याच्या प्रती निघायला हव्यात. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर निगेटिव्ह घेण्याची नवी कृती प्रसिद्ध केली. अंड्याचा पांढरा बलक आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर ही काच ठेवून उन्हात धरायची, की छाप उमटे. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. चित्राचा आता माल झाला, आणि मालाला बाजार लागतो.

१८६२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात असा बाजार मिळाला. सहा महिन्यांत साठ लाखांवर माणसे ते पाहून गेली. प्रदर्शनाची छायाचित्रे काढून विकण्याचा मक्ता ‘लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी’ने घेतला आणि त्यासाठी ३,००० गिनी, म्हणजे ३,१५० पौंड मोजले. कंपनीचा छायाचित्रकार विल्यम इंग्लंड याने तेथील दालनांची दुहेरी चित्रे घेतली. डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसावीत अशी दोन चित्रे एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवलेली असत. भिंगातून पाहिले की दृश्याला खोली येई.

एवढे पैसे कंपनीने कशाच्या भरवशावर ओतले असतील? मला वाटते, मेळा संपणार आहे, याच भरवशावर. दालने रिकामी व्हायची होती. पुढे दोनेक वर्षांत ती इमारतही पाडली गेली. जे उद्या दिसणार नाही, ते माणूस आज विकत घेऊन घरी नेतो.

गंमत म्हणजे त्याच प्रदर्शनात फोटोग्राफीला कुठे बसवायचे, यावरून वाद झाला. आयोजकांनी तिला यंत्रांच्या विभागात टाकले. छायाचित्रकारांनी ती कला आहे म्हणून तक्रार केली. अखेर तिला स्वतंत्र वर्ग मिळाला, पण चित्रकलेची पंगत मिळाली नाही. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मात्र कायदा करून चित्रांबरोबर छायाचित्रांनाही स्वामित्वहक्क दिला. नक्कल करून विकणारे होते, म्हणूनच या संरक्षणाची गरज होती. कलेच्या दालनात अडलेला फोटो कायद्याच्या दारातून आत आला.

मुंबईही मागे नव्हती. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५६ पासून मुंबईत एक मासिक आल्बम निघू लागला. त्याच्या प्रत्येक अंकात तीन खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. पण तो वर्गणीदारांच्या दिवाणखान्यातला शौक होता. सामान्य माणसाला फोटो पुढे भेटला तो जत्रेतल्या तंबूत. रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहायचे आणि स्वतःचाच चेहरा विकत घेऊन घरी जायचे. बिऱ्हाड हलवणारा तो फोटोवाला मॉलमधल्या गाळेवाल्याचा जवळचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मी स्वतः दोन दिवाळ्यांत अशा गाळ्यावर सह्याद्रीतल्या किल्ल्यांची छायाचित्रे विकली आहेत. प्रकाश, रचना, कागद यांविषयी कोणी फारसे विचारत नसे. पहिला प्रश्न ठरलेला: “हा कुठला किल्ला?” मी नाव सांगितले की पुष्कळजण पुढे जात. एखादा मात्र थबके आणि बायकोला म्हणे, “अगं, आपण गेलो होतो इथे!” पैसे तिथेच निघत. काही कलाप्रेमी मित्रांना हे ऐकून वाईट वाटते. मला वाटत नाही. घेणाऱ्याने आपला एक दिवस त्या चित्रात ओळखलेला असतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि फोनमध्ये हजारो चित्रे. पण भिंतीवर एकच मावते. ते कोणते लावायचे, हे ठरवायला माणूस गाळ्यासमोर पाच मिनिटे उभा राहतो, तोवर हा धंदा चालेल. भाडे कितीही वाढो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)