‘अकूटर’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ

कंपनी सरकारच्या लष्करी कागदपत्रांचें भाषांतर करतांना ‘अकूटर’ हें क्रियापद व त्यावरून झालेलें ‘अकूटरमेंट्स’ हें नाम वारंवार आढळतें. प्रस्तुत लेखक अनेक वर्षें त्यांचा अर्थ ‘शस्त्रसज्ज करणें’ व ‘हत्यारें’ असा देत असे. तो अर्थ चुकीचा होता; त्या चुकीनें इतिहासांत काय घोटाळा होतो, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. हा शब्द सोळाव्या शतकांत फ्रेंचमधून इंग्रजींत आला. त्याचें मूळ लॅटिन ‘सुएरे’ म्हणजे शिवणें या धातूपर्यंत नेतात. संस्कृत ‘सिव्’ व मराठी ‘शिवणें’ हीं त्याच कुळांतलीं. अर्थात् मूळ संबंध वस्त्राशीं आहे, शस्त्राशीं नाहीं. शेक्सपियरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ नाटकांत पेत्रुकियो लग्नास आला असतां त्याच्या अंगावरील दरिद्री कपड्यांनाच हें नाम लाविलें आहे. आपल्याकडील ‘सन्नद्ध’ शब्द ‘नह्’ म्हणजे बांधणें या धातूचा. अमरसिंहानें तो क्षत्रियवर्गांत ‘वर्मित’ व ‘सज्ज’ यांच्या पंक्तीस बसविला आहे. तेथेंही अंगावर चढविलेलें चिलखत हेंच मुख्य.

लष्करी इंग्रजींत ‘आर्म्स’ व ‘अकूटरमेंट्स’ हीं जोडीनें येतात, तीं द्विरुक्ति म्हणून नव्हे. बंदूक व संगीन हीं पहिल्यांत. पट्टे, तोसदान, संगिनीचें म्यान हीं दुसऱ्यांत. समजा, एखाद्या यादींत शंभर बंदुका व शंभर अकूटरमेंट्स जमा झाल्याचें लिहिलें आहे. ‘हत्यारें’ असा अर्थ घेणारा दोनशें हत्यारें मोजील आणि शिबंदीचें बळ दुप्पट ठरवील.

मग प्रतिशब्द कोणता? फारसी ‘सरंजाम’ जवळचा खरा. परंतु मराठी दप्तरांत फौजेच्या खर्चासाठीं लावून दिलेल्या मुलखासही सरंजामच म्हणतात. म्हणून ‘साज’ किंवा ‘साजसामान’ हा शब्द निर्धोक वाटतो.

आणखी एक गोष्ट. हें क्रियापद बहुधा कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिताच्या रूपांत येतें. त्यामुळें सजविणारा कोण, हें झांकलें जातें. मराठी शब्द मात्र तेंच आधीं सांगतात. शिलेदार घोडा व हत्यार स्वतःचें आणी. बारगिरास घोडा सरकारांतून किंवा दुसऱ्या धन्याकडून मिळे. इंग्रज लेखकानें स्वारांना उत्तम ‘अकूटर्ड’ म्हटलें, तर त्यावरून सरकारच्या खजिन्याची सुस्थिति सिद्ध होत नाहीं. तो खर्च कोणाचा, हें मराठी हजिऱ्या व हिशेब पाहूनच ठरवावें लागेल.

ज्यांच्या संग्रहीं अशा कागदांचीं जुनीं भाषांतरें असतील, त्यांनीं तीं मूळाशीं पुन्हां ताडून पाहावीं, ही विनंति. आरंभ प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या वह्यांपासूनच केला आहे.