मुलाला काय करता येते? : एका तपासणीचा इतिहास

भिवंडीत धामणकर नाक्याजवळची शाळा असो की एखाद्या खेड्यातली, चौथीच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी भेटतोच. तोंडी उत्तरे त्याला येतात, पण वहीत चार ओळी उतरवताना त्याची दमछाक होते. अक्षर ओळीवर राहत नाही, पेन्सिलीचे टोक वारंवार मोडते, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो. 'आळशी', 'वेंधळा' असे शेरे त्याला मिळत राहतात. वस्तुतः येथे विचारायला हवे ते असे : या मुलाला नेमके कोणते काम जमत नाही, आणि का जमत नाही?

हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. यातील 'व्यवसाय' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणूस दिवसभरात जी कामे करतो ती सर्व यात येतात. मुलाच्या बाबतीत जेवणे, कपडे घालणे, खेळणे आणि शिकणे हेच त्याचे व्यवसाय.

मागापासून परळपर्यंत

या शास्त्राची पहिली संघटना १९१७ साली अमेरिकेत स्थापन झाली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे अशा कामांतून हातापायांची हालचाल परत मिळवून देणे, हे त्याचे आरंभीचे एक रूप होते. भिवंडीकरांना माग म्हटले की यंत्रमागाचा खडखडाट आणि रोजीरोटी आठवते. पण हातमागावर पाय दाबताना गुडघा व घोटा हलतो, धोटा फेकताना खांदा व कोपर हलते. दुखावलेल्या अवयवाला हाच व्यायाम हेतुपूर्वक देता येतो, हे त्यामागील तत्त्व.

भारतात या शास्त्राचा पाया घातला कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये भारतात आल्या. पुढे अमेरिकेत या विषयाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील पहिले विद्यालय म्हणून ते ओळखले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना निघाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा अनेक शिक्षकांना परिचित आहे. तिला नाव मिळाले ते यांचेच.

स्नायू मोजण्याचा काळ

त्या काळी मुलांच्या बाबतीत मोठा प्रश्न होता पोलिओचा. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी राहिली. पोलिओत स्नायू दुबळे होतात, म्हणून तपासणीचा भर स्नायूंवर असे. स्नायूच्या ताकदीला ० ते ५ असे गुण देत. सांधा किती अंशांत वाकतो हे मोजायला कंपासपेटीतील कोनमापकाच्याच तत्त्वावरचे साधन वापरत. ही मोजमापे आजही लागतात. परंतु मांडीच्या स्नायूला ३ गुण मिळाले, एवढ्यावरून ते मूल शाळेचा जिना चढेल की नाही हे सांगता येत नाही.

१९७२ मध्ये मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांत मूळ दोष स्नायूत नसतो. मेंदूकडून स्नायूंवर होणाऱ्या नियंत्रणात असतो. त्याच वर्षी अमेरिकेत जीन एअर्स यांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. स्पर्श, तोल, सांध्यांची जाणीव यांचा मेळ बसण्यात अडचण आली, तर शिकण्यातही अडचण येऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची उपचारपद्धती कितपत गुणकारी आहे यावर अजून मतभेद आहेत. पण धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या अडचणींकडेही तपासनीसाचे लक्ष गेले, हे महत्त्वाचे.

मोजपट्टी कोणाची?

परदेशी चाचणी जशीच्या तशी वापरली तर काय होते? काटाचमचा हाती न धरलेले मूल त्या प्रश्नात नापास होते. पण ते हाताने भाताचा घास नीट कालवून खात असेल, याची नोंद कोठेच होत नाही. दोष मुलाचा नसून मोजपट्टीचा असतो. हे ओळखून प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बालकांची निरीक्षणे केली आणि १९७० मध्ये वयानुसार प्रमाणके मांडली. ३० महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठीच्या या श्रेणीत हालचालींचे ६७ व मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत. तिची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये निघाली. भिवंडीसारख्या शहरात वर्गमित्रांच्या घरी मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या भाषा असतात. तेथे सूचना मुलाला समजली का, हेही आधी तपासावे लागते.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवे वर्गीकरण स्वीकारले. त्यात शरीरातील दोषाबरोबरच व्यक्तीच्या कृतींना व सहभागाला स्थान मिळाले. आपल्याकडे १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले व त्यांत अध्ययन अक्षमताही आली. २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते.

शिक्षकाची नोंद

तपासणी तासाभराची असते. शिक्षक मुलाला वर्षभर पाहतो. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह आणि पाचव्या वर्षाच्या पुढे त्रिकोण पाहून काढू लागते. पहिलीत हे जमत नसेल तर दखल घ्यावी; मात्र निदान करणे तज्ज्ञांवर सोडावे. आपले काम अचूक वर्णनाचे. 'लेखनात मागे' असा शेरा तपासनीसाच्या उपयोगाचा नाही. 'पाच ओळींनंतर हात दुखतो म्हणतो, पेन्सिल मुठीत धरतो, डबा एका हाताने उघडता येत नाही, गोष्ट मात्र उत्तम सांगतो' ही नोंद उपयोगाची. तिच्यात मुलाला काय येत नाही हे आहे, आणि काय येते हेही आहे. पुढचे शिक्षण याच दुसऱ्या भागावर उभे राहते.