सराट्याचे शेत आणि पितरांचे भोजन : ‘चू-त्स’ या चिनी कवितेचे दोन अर्थ

प्राचीन चिनी काव्यातील प्रतीकांचा विचार बहुधा निसर्गप्रतिमांपासून सुरू होतो. परंतु ‘शी-जिंग’ या ३०५ कवितांच्या आद्य संग्रहातील कित्येक प्रतिमा कविकल्पनेतून नव्हे, तर प्रत्यक्ष विधीतून आलेल्या आहेत. त्यांतील ‘चू-त्स’ ही कविता या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

बारा ओळींची सहा कडवी असलेल्या या कवितेचा आरंभ सराट्याने होतो. पूर्वजांनी काटेरी सराटा उपटून शेत मोकळे केले. त्या शेतातील भरड धान्याचे मद्य व अन्न आता पितरांनाच अर्पण करावयाचे आहे. पुढे बैल व मेंढ्या यांची तयारी, पाकशाळेतील लगबग, पाहुण्यांचे पेले असा सारा विधी क्रमाने येतो. विधीच्या केंद्रस्थानी मृत पूर्वजाच्या जागी बसविलेली जिवंत व्यक्ती असे. प्रथेनुसार हा मान नातवाच्या पिढीकडे जाई. या व्यक्तीस ‘शी’ म्हणत. शब्दाचा एक अर्थ प्रेत असाही आहे. (संग्रहाच्या नावातील ‘शी’ हा निराळा शब्द.) पाचव्या कडव्यात पितर मद्याने तृप्त होतात, ‘शी’ उठतो, घंटा व ढोल यांच्या नादात त्यास निरोप दिला जातो आणि मग भाऊबंदांची पंगत बसते. मार्टिन कर्न यांनी २००० साली दाखविल्याप्रमाणे या कवितेत यजमान, पुरोहित असे अनेक आवाज ऐकू येतात. तिला केवळ विधीचे वर्णन म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

माओ परंपरेच्या प्रस्तावनेने मात्र या कवितेस राजा यौ याच्यावरील टीका ठरविले. इ. स. पू. ७७१ मध्ये मारल्या गेलेल्या या राजाच्या कारकिर्दीत शेते ओसाड पडली, दुष्काळ आला, पितरांना हविर्भाग मिळेना. म्हणून सज्जनांनी जुने दिवस आठवले, असे तिचे म्हणणे. वस्तुतः कवितेत राजाचे नाव नाही, दुष्काळ नाही. कोठारे तर भरलेली आहेत. उपटलेला सराटा भाष्यात पुन्हा उगवला तो असा!

चू शी (११३०–१२००) यांनी हा अर्थ नाकारून, कविता जमीनधारक अमात्यांच्या पितृपूजेची मानली. संहितेशी हाच अर्थ अधिक जुळतो. तरीही जुन्या भाष्यास केवळ चूक म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. झौ काळानंतर ‘शी’ बसविण्याची प्रथा मागे पडली. नातवाच्या रूपाने जेवावयास बसलेला पूर्वज ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांच्यापुढे उरली ती केवळ संहिता. आणि तिचे अखेरचे मागणे तर मुला-नातवंडांनी हा विधी खंडित होऊ देऊ नये, हेच आहे.