एक भाकर, एक पंगत : मराठवाड्यातील प्रभुभोजन (थ्रेड)

१/८
नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला शेजारी कोण बसले आहे, हे कोणी विचारत नाही. ‘कोणी कोणासोबत जेवावे’ हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्माच्या वाटेनेही मराठवाड्यात आला. त्याच्या केंद्रस्थानी होता प्रभुभोजनाचा विधी, म्हणजेच कम्युनियन.

२/८
क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला आणि त्यांना आपले शरीर व रक्त म्हटले. कॅथलिक श्रद्धेनुसार ही द्रव्ये खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत ख्रिस्ताची उपस्थिती आत्मिक मानली जाते.

३/८
या विधीला सामाजिक अर्थही आहे. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधी पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलाने पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली. भाकर एक, म्हणून ती खाणारे सर्व एक शरीर, हा त्याचा युक्तिवाद. मराठीत सांगायचे तर तो पंक्तिभेदाचा निषेध होता.

४/८
हा अर्थ इथे किती स्फोटक होता, हे १८४३ मध्ये मुंबईत दिसले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो केवळ मिशनऱ्यांकडे राहिला व जेवला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले.

५/८
तरीही वाद मिटला नाही. त्याला जातीत परत घ्यावे काय? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा मार्ग पुरस्कारला, तर सनातन्यांनी कडाडून विरोध केला. धर्म बदललेला नसतानाही केवळ अन्नव्यवहार पुरेसा ठरला होता.

६/८
नारायण शेषाद्री पुढे पाळक होऊन जालन्यास आले. नांदेड-लातूरप्रमाणे जालनाही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथील ख्रिस्ती प्रामुख्याने मातंग समाजातून आलेले होते. जन्माने ब्राह्मण असलेला पाळक त्यांच्यासोबत एकाच भाकरीचा वाटेकरी होत होता.

७/८
मात्र विधीमुळे जात आपोआप गळून पडली नाही. तमिळ प्रदेशातील काही मंडळ्यांत उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती प्रभुभोजनाच्या वेळीही वेगळे बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी चर्चच सोडले.

८/८
लंगर भूक भागवते. प्रभुभोजनात घासभरच भाकर असते. पण मराठी बायबलने त्यासाठी ‘भाकर’ हाच शब्द योजला आहे, जो मराठवाड्यात रोजच्या ज्वारीच्या भाकरीचा आहे. शेजारी बसलेल्याला नाकारून ती घेता येत नाही, हे पौलाचे म्हणणे. ती पंगत खरोखर एक झाली की नाही, यावरच त्या श्रद्धेची परीक्षा होत आली आहे.